शाळेच्या चुलीपासून हवामान-न्यायाकडे



युगांडाच्या कंपाला शहरात १९९६ मध्ये जन्मलेल्या व्हेनेसा नकाटे यांचे शिक्षण व्यवसाय-प्रशासनाचे. देशातील पूर व अवर्षण यांची कारणे शोधताना त्यांना हवामान-बदलाचे गांभीर्य उमगले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या फलक घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. जगाच्या कर्बवायू-उत्सर्जनात आफ्रिकेचा वाटा सुमारे ४ टक्के. झळ मात्र तिलाच अधिक. या अन्यायाविरुद्धच्या मागणीला कृतीची जोड देत त्यांनी त्याच वर्षी शाळांवर सौर पॅनेल व स्वयंपाकघरांत सुधारित चुली बसविण्याचे कार्य आरंभिले. वर्गात उजेड येतो, सरपण वाचते, पर्यायाने झाडेही वाचतात. २०२२ मध्ये युनिसेफने त्यांना सदिच्छादूत नेमले. न्यायाचा आरंभ गावच्या शाळेतूनही होऊ शकतो, हाच या कार्याचा बोध होय.