दाद कोणापाशीं मागावी?

दसरा उलटला कीं बीड जिल्ह्यांतील पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्यावस्त्या ओस पडूं लागतात. ऊसतोडीस निघालेलीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात. नवराबायको मिळून हिशेबांत एक ‘कोयता’ होतो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडावयाची. न फिटल्यास ती पुढील हंगामाच्या माथीं बसते. या व्यवहारांत तंटा उपस्थित झाला तर दाद कोणापाशीं मागावी?

कारखान्यांतील नोकरास कायद्यानें पायऱ्या आंखून दिल्या आहेत. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. तिच्या अन्वयें २० किंवा अधिक कामगार असतील तेथें तक्रार निवारण समिती असावी लागते. तींत मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधि समसमान असतात. गाऱ्हाणें एका वर्षाच्या आंत मांडावयाचें. समितीनें ३० दिवसांत काम पुरें करावयाचें. निकाल न पटल्यास, अथवा मुळींच न लागल्यास, ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जावें. कामावरून काढलेल्या माणसास समेटाच्या अर्जानंतर ४५ दिवस लोटले म्हणजे सरळ न्यायाधिकरणापुढें जातां येतें. मात्र काढल्यापासून दोन वर्षें उलटतां कामा नयेत. पूर्वींच्या कायद्यांत २०१० च्या दुरुस्तीनें ही मुदत तीन वर्षें होती. म्हणून वरिष्ठांच्या तोंडी आश्वासनावर महिने घालविणें आतां अधिकच महाग पडतें.

ऊसतोड्यास मात्र पहिली पायरीच सांपडत नाहीं. पैसा कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मग मजुराच्या हातीं येतो. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. त्यामुळें न्यायालयांत प्रथम झगडावें लागतें तें मजुरीसाठीं नव्हे, तर मालक कोण हें ठरविण्यासाठीं.

तरी हा मार्ग अगदींच बंद नाहीं. ध्रांगध्र्याच्या मिठागरांतील आगरिये कुटुंबासह हंगामापुरते राबत व वजनावर मजुरी घेत; तरीहि ते कामगारच होत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५६ सालीं ठरविलें. कालिकतच्या एका दोर-कारखान्यांत मजूर ठेकेदारांमार्फत लावलेले होते. तेथें, मध्यें ठेकेदार उभा केला म्हणून खरा मालक सुटत नाहीं, असा निर्णय १९७८ सालीं झाला. शिवाय, उचलीपायीं माणसास अडकवून ठेवणें १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें गुन्हा आहे. कर्ज वेठबिगारीचें आहे असें मजुरानें म्हटलें, तर तें तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सावकारावर पडतो.

परंतु प्रत्येक निकाल पुराव्यावर ठरतो, आणि येथें सारा व्यवहार तोंडी! शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी म्हण आहे. ज्यास चढावयास दुसरी पायरी आहे, त्याच्यापुरती ती खरी. ज्यास ती नाहीं, त्याच्या हातीं निदान कागद तरी असावा. घरांतील शिकलेल्या मुलानें उचलीची रक्कम, वजनाच्या पावत्या व तारखा एका वहींत लिहून ठेवाव्यात. फडांतून परत येतांना बिऱ्हाडाबरोबर ती वहीहि परत आली पाहिजे.