पाठीतलं पाणी काय सांगतं?

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात ‘जीबीएस’ (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, सोलापुरात एका संशयित रुग्णाचा मृत्यू झाला आणि निदानासाठी तपासतात ते ‘पाठीतलं पाणी’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव. मोठ्या माणसात तो जेमतेम १५० मिलिलिटर, पण रोज सुमारे अर्धा लिटर नव्याने तयार होतो. मेंदूत काय बिघडलंय, याची खूण त्यात उतरते. निरोगी माणसाचा द्रव अगदी नितळ. जिवाणूंमुळे मेंदूज्वर झाला की तो गढूळ होतो, त्यातली साखर घटते. क्षयाच्या मेंदूज्वरात या द्रवाची नळी काही तास ठेवली, तर कधीकधी कोळिष्टकासारखी जाळी धरते. जीबीएसमध्ये प्रथिनं वाढतात, पेशी मात्र फारशा वाढत नाहीत. ही खूण १९१६मध्ये फ्रान्समध्ये नोंदवली गेली. अल्झायमरच्या खुणाही आता यात शोधता येतात.

तपासणीसाठी हे पाणी पाठीत सुई टोचून काढतात. या सुईने अपंगत्व येईल, ही भीती मोठी. पण ती कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये टोचतात आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, इतकंच बहुधा.

कुणाच्या घरी डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली, तर शंका जरूर विचाराव्यात. पण भीतीपोटी वेळ दवडू नये.