एक तक्ता, अनेक विभाग
विभाजित तक्ता वापरणाऱ्याला एकच दिसतो. आत मात्र नोंदी वेगवेगळ्या विभागांत साठवलेल्या असतात. पोस्टग्रेस-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये असे विभाग थेट जाहीर करण्याची सोय २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत आली. वीजबिलांच्या तक्त्याचे महिन्यागणिक विभाग केले, की मार्चची बिले शोधताना फक्त मार्चचाच विभाग चाळला जातो. त्यासाठी क्वेरीत तारीख हवी; ती नसेल तर सगळेच विभाग धुंडाळावे लागतात. खरा फायदा जुन्या नोंदी काढताना कळतो. लाखो ओळी एकेक करून पुसण्याऐवजी अख्खा विभागच क्षणात काढून टाकता येतो. प्रायमरी कीमध्ये मात्र विभाजनाचा स्तंभ असावाच लागतो. नव्या महिन्याचा विभाग वेळेत केला नाही आणि डीफॉल्ट विभागही नसेल, तर नवी नोंद नाकारली जाते.