शिवारफेरीनंतरची बैठक



कपाशीवरील बोंडअळीबद्दल आपण चारचौघांत बोलता. पण रात्र-रात्र डोळा लागत नाही, हे घरातही सांगत नाही. त्यासाठी गावात काय करता येईल, एवढेच आज सांगणार आहे.

एका गावी आम्ही ‘मानसिक आरोग्य शिबिर’ असा फलक लावला. पुरुष मंडळी पाराजवळ उभी राहून पाहत होती. आत कोणी आले नाही. चूक त्या फलकाचीच होती. पुढच्या खेपेस नुसती शिवारफेरी ठेवली. बोंडे फोडून पाहून झाल्यावर बांधावर चहा झाला आणि बोलणे कर्जावरून मुलीच्या लग्नावर, तेथून झोपेवर आपोआप आले.

तेव्हा कार्यक्रम शेतीकामाला जोडूनच घ्यावा. १५-२० जण पुरेत. हारतुरे, भाषणे नकोत, माझेही नको. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावे, पण त्यांनी आधी ऐकावे.

एखादा माणूस एकाएकी गप्प झाला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर बाजूला घेऊन “जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावीत व सोबत दवाखान्यात जावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येते.

पुढील बैठकीची तारीख उठण्यापूर्वीच ठरवावी. पहिल्या बैठकीला निम्मे लोक नुसते ऐकायला येतात.