तो कोन कोणता?



आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या आणि लीळाचरित्र उभं राहिलं. पुढे केसोबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ तयार केला. पण वचन प्रसंगातून बाहेर काढलं, की त्यातलं ‘हे’ म्हणजे काय आणि ‘तो’ म्हणजे कोण, ते कळेनासं होतं. म्हणून सूत्रं कोणत्या प्रसंगी निघाली, याची महानुभावांनी वेगळी नोंद ठेवली. तिचं नाव प्रकरणवश.

गणिताची सिद्धता लिहिताना संगणकापुढे असाच पेच येतो: मागचा संदर्भ किती सांगायचा? यंत्राने शोधलेल्या सिद्धतेत प्रत्येक पायरीची सगळी कारणं असतात. ती तशीच छापली तर वाचणारा कंटाळतो, गाळली तर धागा तुटतो. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या झारब्रुकेनला शियाओरोंग हुआंग यांनी ‘प्रोव्हर्ब’ नावाची प्रणाली रचली. एखादं कारण पूर्ण सांगायचं, नुसतं सुचवायचं, की वगळायचं, हे ती ठरवी. मला तिचा निकष फार मोलाचा वाटतो. ते कारण किती ओळी मागे आहे, एवढंच ती बघत नसे. युक्तिवादाचा तो भाग अजून चालू आहे की मिटला, हेही बघे.

समजा, दोन त्रिकोण बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने एकरूप दाखवायचे आहेत. बाजू समान असल्याचं पक्षातच दिलंय. कोन समान का, यात मधल्या सहा ओळी गेल्या. आता कसोटी लावताना कोनासाठी ‘म्हणून’ पुरतं. बाजूंसाठी ‘पक्षावरून’ म्हणावं लागतं. आणि त्या सहा ओळींतलं एखादं आतलं विधान पुन्हा लागलं, तर ते जवळ असूनही पूर्ण सांगावं. तो भाग संपला, तेव्हाच वाचणाऱ्याने ते मनातून खाली ठेवलेलं असतं.

मराठीत आणखी एक अडचण. बाजू ‘ती’, पण कोनही ‘तो’ आणि त्रिकोणही ‘तो’. दुसऱ्या भाषेसाठी केलेले नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी लीळाचरित्रातल्या एकेका ‘तो’पुढे कोण अभिप्रेत आहे, याची खूण करावी. अकोला-अमरावतीच्या गणित शिक्षकांनी शाळेच्या भूमितीतल्या सिद्धतांवर तेच काम करावं. मराठीत नीट समजावणारा संगणक हवा असेल, तर त्याला शिकवायला अशा खुणा केलेला मजकूर लागेल.