देव्हाऱ्यातलं पदक चांदीचं की जर्मन सिल्व्हरचं?

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावांत जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात देवाचे टाक आणि गळ्यात घालायची पदकं असतात. काळवंडली की घरचे म्हणतात, "चांदीच असणार!" असेलही, पण तांबं आणि पितळही काळं पडतंच.

आधी कडी आणि कडा बघाव्यात. झिजलेल्या जागी पिवळं-तांबूस दिसलं, तर वरचा नुसता मुलामा. चुंबक चिकटला तर आत लोखंड. चिकटला नाही म्हणून मात्र चांदी ठरत नाही.

वजनाची परीक्षा अधिक भरवशाची. सोनाराच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. पदक दोऱ्याने पाण्यात बुडवायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. २१ ग्रॅमच्या पदकाने काटा २ ग्रॅमने वाढला, तर घनता साडेदहा, म्हणजे चांदीच्या जवळ. अडीच ग्रॅमने वाढला, तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. नाव सिल्व्हर, पण त्यात तांबं, जस्त आणि निकेल. आत लाख भरलेली असेल, तर हा हिशेब चुकतो.

मूळ शोधताना मूर्ती बोलते. घोडेस्वार, हाती खड्ग, सोबत म्हाळसा नि कुत्रा, तर खंडोबा. मात्र जेजुरीचा देव म्हणजे जेजुरीची घडण नव्हे; ठसे कारागिरांबरोबर गावोगाव फिरत.

चिंच-राखेने घासू नका, झिजेच्या खुणा जातात. आणि पदक जमिनीत सापडलं असेल, किंमत दहा रुपयांच्या वर असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.