छायाचित्रकार: बहुधा



अध्यक्षाने आपल्या संग्रहालय-ग्रंथालय क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. पण अपुरा निधी, रिकामी पदे, ओल आणि वाळवी यांच्याबद्दल मी तुम्हाला नवे काय सांगणार? मी एकाच रकान्याबद्दल बोलतो. आपल्या नोंदवहीतला ‘छायाचित्रकार’ हा रकाना. १८५० आणि १८६०च्या दशकांतल्या कागदी छायाचित्रांपुढे तो आपण फार घाईने भरतो.

मुंबई इलाख्याचे उदाहरण घ्या. जुन्या वास्तू चितारून घेण्यापेक्षा त्यांचे फोटो घेणे बरे, असे कंपनी सरकारच्या मनाने घेतले आणि १८५५ मध्ये तोफखान्यातले थॉमस बिग्ज या कामावर नेमले गेले. कागदी निगेटिव्ह घेऊन ते विजापूर, बदामी, ऐहोळे हिंडले. काही महिन्यांतच त्यांना लष्करात परतावे लागले. मग वैद्यकीय खात्यातले डॉ. विल्यम हेन्री पिगू आले, आणि त्यांच्यानंतर नील. १८६६ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी धारवाड आणि म्हैसूरच्या वास्तूंवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मजकूर मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा. शीर्षकपृष्ठावर फोटोग्राफर म्हणून पिगू, नील आणि बिग्ज अशी तिघांचीही नावे. पिगू तोवर वारलेले होते.

आता अशा कामातला एखादा सुटा फोटो तुमच्या टेबलावर येतो. मंदिर ओळखता येते. कोन चांगला आहे, सही नाही. तो बिग्जचा, पिगूंचा की नीलचा? एकाच सरकारी कामावर, मागोमाग नेमलेली ही माणसे. शिवाय निगेटिव्ह घेणारा एक, त्यावरून पुढे ठसे काढणारा दुसरा असे सहज घडते. कागदाच्या जलचिन्हात साल असलेच, तर ते फार तर एवढेच सांगते की हा कागद त्याआधीचा नाही. कागद पेटीत वर्षानुवर्षे पडून राहतो, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? तरी आपण ‘बिग्ज, १८५५’ लिहून मोकळे होतो. पुढचा अभ्यासक ते उतरवून घेतो, त्याच्यानंतरचा त्याचा आधार देतो, आणि एका अंदाजाचा पुरावा होऊन बसतो.

या अंदाजांना एक ओढ असते. अनाम चित्र जवळच्या सर्वांत मोठ्या नावाकडे जाते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः कसलेले फोटोग्राफर. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६ पासून हौशी छायाचित्रकारांचा जो अल्बम हप्त्याहप्त्याने काढला, त्यात नारायण दाजींचे काम आहे. जॉन्सन यांनी पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यांतल्या चित्रांत माणसे एका निगेटिव्हवरची आणि मागचे दृश्य दुसऱ्या निगेटिव्हवरचे, असे जोडकाम आहे. तिथे ‘छायाचित्रकार’ या एकवचनी रकान्याने करायचे काय? ‘जॉन्सन’ हे नाव शीर्षकावर आहे, म्हणून ते प्रत्येक चित्राखाली जाते. नारायण दाजींचे नाव शोधावे लागते.

माळव्यात हीच गोष्ट उलटसुलट झाली. इंदूरच्या बांधकाम खात्यातले नकाशानवीस दीनदयाळ यांनी लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो घेतले. १८८६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले ते ग्रिफिनच्या नावाने. आज दीनदयाळांची कीर्ती मोठी आहे, आणि आता इकडचा कुठलाही जुना, नेटका फोटो त्यांच्या खात्यावर जमा होतो. त्यांच्या स्टुडिओत किती हात काम करत असतील, हा प्रश्न कोणी विचारत नाही. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा आहे एवढ्यावर तो अभंग तुकोबांचाच, असे गाथेचे अभ्यासक मानत नाहीत. स्टुडिओच्या शिक्क्यापुढे मात्र आपण लगेच हात जोडतो.

परदेशातही हेच. झाडाच्या एका पानाचा जुना कागदी ठसा बरीच वर्षे छायाचित्रणाचा आद्य प्रवर्तक टॅलबॉट याचा मानला जाई. २००८ मध्ये तो न्यूयॉर्कला लिलावात यायचा होता. टॅलबॉटचे जाणकार लॅरी शाफ यांनी शंका काढली की कोपऱ्यातले अक्षर कदाचित त्याहून जुन्या वेजवुडकडे बोट दाखवते. वर्तमानपत्रांनी तेवढे उचलले, आणि विक्री थांबली. पुढे शाफ यांनीच हस्ताक्षरे तपासत २०१५ मध्ये उत्तर दिले: सारा ॲन ब्राइट, १८३९. ज्या कुटुंबाच्या अल्बममध्ये ते पान होते, त्याच घरातली मुलगी! टॅलबॉट नाही, वेजवुड नाही. तो अल्बम १९८४ मध्ये सुटा करून विकला गेला नसता, तर ती इतके दिवस हरवली असती का, याची मला शंका आहे.

हे मी उज्जैनमध्ये बोलतो आहे ते बरे झाले. सिंधिया प्राच्यविद्या संस्थेत जतन केलेल्या पोथ्यांसारख्या हस्तलिखितांच्या पुष्पिका तुम्ही वाचल्या असतील. रचणारा कोण, नक्कल करणारा कोण, कोणासाठी, कधी, कुठे, हे वेगवेगळे सांगण्याची सोय तिथे आहे. आणि कालिदासाच्या या नगरीत शंकेचेही कोणाला भय वाटू नये. रघुवंश, कुमारसंभव आणि मेघदूत यांवर मल्लिनाथाने टीका लिहिली, ऋतुसंहारावर लिहिली नाही. ते काव्य कालिदासाचे की नाही, हा वाद त्यामुळेही चालत आला. वाद आहे म्हणून ऋतुसंहार कोणी वाचायचे सोडले नाही.

माझी मागणी साधी आहे. एका रकान्याचे चार करा: निगेटिव्ह कोणाचे, ठसा कोणी काढला, खालची ओळ कोणाच्या हातची, संग्रह कोणाचा. प्रत्येकापुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘अज्ञात’ लिहा आणि कशावरून, तेही लिहा. नाव बदलले तर जुने खोडू नका, तारखेसह खाली नवे लिहा. देणगीदाराला ‘बहुधा’ आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. प्रदर्शनाच्या फलकावरही ते कमी भारदस्त दिसते. दिसू द्या.

आणि या भागातल्या जुन्या वाड्यांतून, देवास-धार-इंदूरच्या घरांतून अल्बम आपल्याकडे येतील तेव्हा ते फाडून चांगले फोटो वेगळे काढू नका. आधी पानांचा क्रम जसाच्या तसा टिपा, मागच्या बाजूंचेही फोटो घ्या. खाली मोडीतली एखादी ओळ असेल, तर नवा माउंट लावण्याआधी मोडी जाणणाऱ्याला बोलवा.